चौथ्या चौकीचे रजिस्टर

धरमतर धक्का, ता. पेण
दि. १६ फेब्रुवारी १९९७, रविवार, सकाळी ९ वाजून १० मिनिटे

ताईस दिनानाथचा नमस्कार.

आत्ता मी काट्याच्या खोलीत बसून कालचे बिल्ले दोऱ्यात ओवत होतो. ओहोटी आहे, मचवे चिखलात बसले आहेत, साडेअकराशिवाय मीठ चढणार नाही. म्हणून कागद घेतला. तुझ्या नावामागे 'सौ.' लिहायची हाताला सवय आहे, त्यात दोन कागद वाया गेले. आता त्या जागी काय लिहितात ते मला माहीत आहे, पण लिहवले नाही. नुसते ताई लिहिले आहे.

मृणाली, मावशीच्या शेजारची वाचती पोर तूच, म्हणजे हे पत्र तू ताईला वाचून दाखवणार. सावकाश वाच. पूर्णविरामाला थांब.

भावोजींच्या तेराव्यानंतर सासूबाईंनी तुला कोलाडला मावशीकडे आणून सोडले आणि तुझ्या लेकीला, प्रतिक्षाला, ठेवून घेतले, हे मला मिठाच्या टेम्पोवाल्याकडून कळले. आईच्या मागे आपले घर म्हणजे मी एकटाच. तरी तू आपल्या घरी न येता मावशीकडे का उतरलीस, हे मी विचारत नाही. स्मशानात तू माझ्याकडे पाठ केलीस, तेव्हाच समजलो.

तुझ्या सासूबाई, हौसाबाई, गावभर काय सांगतात तेही कानावर आले. त्या म्हणतात, काळुराम चौथ्या चौकीवर पोचला होता, रजिस्टरात वेळ आहे. मग तो चौकीच्या मागे, खालच्या घळीत कसा सापडला? म्हणजे तो आपल्या पायाने मागे फिरला. आणि ज्याच्या बायकोने सकाळी निघताना सगळ्या वाडीसमोर 'मग घरी येऊच नका' म्हटले, तो मागे कशाला फिरेल? जीव द्यायलाच.

ताई, हौसाबाई तुझ्याबद्दल जे म्हणतात ते मला पटत नाही. पण रजिस्टर तर आहे. तुला ते वाचता येत नाही, म्हणून आमची पद्धत लिहून कळवतो.

मंडळाच्या शर्यतीला पेणहून पहाटे पाचला माणसे सुटतात. रोह्यापर्यंत डोंगरातून बावन्न किलोमीटर. मंडळात पगारी माणूस एकही नाही. पाणी, लिंबू, गूळ, चिमूटभर मीठ, सगळे पोरे आदल्या दिवशी पाठीवर वाहून नेतात. चार चौक्या डोंगरात, पाचवी रोह्याला. धावणाऱ्याच्या गळ्यात पत्र्याचे पाच बिल्ले, त्यावर त्याचा नंबर. प्रत्येक चौकीवर एक काढून द्यायचा, चौकीवाल्याने नंबर आणि वेळ लिहायची. पूर्वी पोरे तोंड बघून नाव लिहीत आणि दरवर्षी दोन-तीन माणसांचा घोळ होई. धक्क्यावर आपण मिठाच्या एका पाटीला एक बिल्ला देतो, त्यावरून मी हे सुचवले. जनू मुकादम धक्क्याचे प्रमुख आणि मंडळाचेही अध्यक्ष. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आठवी नापास पोरानं मंडळाला शिस्त लावली."

चौथ्या चौकीनंतर अर्ध्या तासावर डांबरी रस्ता आहे. दमलेला माणूस तिथून एस.टी. पकडून घरी जातो, त्यामुळे पुढची मोजणी कोणी धरत नाही. डोंगरातून सगळे बाहेर आले की नाहीत, हे चौथ्या चौकीवर ठरते. म्हणून ती माझ्याकडे दिली. यंदा २६ जानेवारीला एकसष्ट सुटले. तिसरीपर्यंत आठ थांबले, त्यांना खाली पोचवले. उरले त्रेपन्न. माझ्या रजिस्टरात त्रेपन्न आहेत. नंबर ३७, काळुराम, ३ वाजून २४ मिनिटे.

भावोजी घरी आले नाहीत म्हणून तू सोमवारी साडेदहाला धक्क्यावर आलीस, तेव्हा मी तुला ३७ वर बोट ठेवून दाखवले होते. तू म्हणालीस, "तू लिवलंयस ना, मग झालं. पिऊन पडला असंल कुठं दोस्ताकडं." आणि परत गेलीस. मचवा भरायला लागला होता, तुला चहा विचारायचा राहिला. तेवढे मनात आहे.

काही लागले तर कळव.

तुझा भाऊ,
दिनानाथ


धरमतर धक्का
दि. २ मार्च १९९७, रविवार, दुपारी १ वाजून ४५ मिनिटे

ताईस नमस्कार.

जेवण झाले. काट्याची वजने राखेने घासून ठेवली आणि तुझे कार्ड पुन्हा काढले. मृणालीच्या बारीक अक्षरात ते पूर्ण भरले आहे. चौकीवर सरबत द्यायला बसलेली सीताबाई कोलाडच्या बाजारात तुला भेटली आणि म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं माझ्या हातचं सरबत घेतलंच नाय, मी तोंड बघून देते, मी इसरनार नाय." खाली तू विचारले आहेस: खरे सांग, आले होते का?

सीताबाईकडे त्या दिवशी त्रेपन्न माणसे आली, कोणी दोन पेले घेतले, कोणी ओकून परत मागितले. तिची मोजणी ती मोजणी नव्हे. पण तू विचारलेस म्हणून लिहितो.

३ वाजून २४ मिनिटांनी तुझा दीर महिपती आला. त्याने माझ्या हातात दोन बिल्ले ठेवले, ३६ आणि ३७. म्हणाला, "दाद्या मागंच हाय." मी दोन्ही घेतले आणि दोन्ही लिहिले.

ताई, तू लग्नाआधी सात हंगाम या धक्क्यावर पाट्या वाहिल्यास. तुला सांगायला नको. घरातल्या चार बायका खेपा करतात आणि सुट्टी होताना एकीच्या पदरात सगळ्या घराचे बिल्ले येतात. आई तुम्हा दोघींचे एकत्रच द्यायची. कोणी मुकादम विचारत नाही की ही पाटी तुझ्या डोक्यावर होती की जावेच्या. एका घरचे बिल्ले एका हातातून घ्यायचे, ही सहा वर्षांची सवय. हात पुढे गेला, घेतले. दोन सख्खे भाऊ, एक घर. चूक म्हणायची तर एवढीच.

नंतर भावोजी आलेले मी डोळ्यांनी पाहिले का, हे तू विचारलेले नाहीस. त्या वेळी खूप गर्दी होती.

साडेतीनची वेळ गाठायची म्हणून त्यांनी बिल्ला पुढे पाठवला असणार. साडेतीननंतर येणाऱ्याला आमची पोरे तेलाचा रिकामा डबा वाजवत खाली रस्त्यापर्यंत सोडतात. दहा वर्षांची रीत आहे, गंमत असते. गेल्या वर्षी भावोजींना वाजवला होता. तू त्या वेळी रोह्याच्या बाजारात होतीस, कानावर आले तेव्हा तूही हसलीस. नंतर महिपती वर्षभर घरात त्यांना 'डबेवाले' म्हणत होता हे मला माहीत आहे. यंदा ते धावले ते बक्षिसासाठी नव्हे. तू वालाच्या शेंगा तोडायला चला म्हणत होतीस आणि ते पायाला फडके बांधत होते, त्यावरूनच तुमचे सकाळी वाजले ना?

तू म्हणतेस की ३० मार्चला तुझ्या सासरी देवळात गावकी बसणार आहे, तिथे मी एवढेच सांगायचे की ते चौकीपर्यंत पोचलेच नव्हते. मग ते मागे फिरलेच नाहीत, म्हणजे पडले, म्हणजे तुझ्यावरचा आळ जातो आणि प्रतिक्षा तुझ्याकडे येते. मला समजले. तू समजावलेस तसे मृणालीने बरोबर लिहिले आहे.

पण माझीही बाजू बघ. दुसऱ्याचा बिल्ला घेतला हे मी बोललो की मुकादम म्हणणार, ज्याने चौकीवर घेतला त्याने धक्क्यावर किती घेतले असतील? काट्यावरून काढले तर मला पाटी वाहावी लागेल आणि माझी छाती तुला ठाऊक आहे. शिवाय महिपतीला वेळेत पोचल्याचे बक्षीस मिळाले आहे, तो कबूल होणार नाही. त्याने मंडळाला लिहून दिले आहे की दोघे भाऊ बरोबरच चौकीवर आले.

विचार करतो. घाई करू नकोस.

दिनानाथ


घरी, पेण
दि. १६ मार्च १९९७, रविवार, सकाळी ७ वाजता

ताई,

आंघोळ करून, चूल न पेटवता बसलो आहे. हे पत्र मी काल कच्चे लिहिले, आज पक्के करतो आहे. हे वाचून झाले की पत्र आणि पाकीट दोन्ही जाळ. मृणाली, पुढचे तू वाचू नयेस असे मला वाटते, पण मावशीलाही वाचता येत नाही. तेव्हा तूच वाच, आणि मोठ्याने वाचू नकोस, दार लाव.

महिपती नुसते 'दाद्या मागंच हाय' म्हणाला नव्हता. तो म्हणाला, "हे दोन घे. दाद्याच्या पायात गोळे आलेत, झऱ्यावर बसलाय. वेळेत लिव, नायतर परत डबा वाजवशील त्याला." आणि डोळा मारला. मी विचारले, "चालवतं ना त्याला?" तो म्हणाला, "न चालून सांगतोय कुणाला? बिल्ला आला म्हंजे माणूस आला." मी हसलो आणि लिहिले.

गेल्या वर्षी डबा वाजवणारा मीच होतो, ताई. मुकादम म्हणाले, मेव्हण्याला मेव्हण्यानेच वाजवायचा, त्यात मजा आहे. भावोजी माझ्यापुढे दोन किलोमीटर चालले. अंगठ्याचे नख उचकटून लोंबत होते. त्यांनी एकदाच मागे बघून म्हटले, "दिना, पुरे की रे." पोरे ओरडली, "जोरात!" मी जोरात वाजवला.

यंदा साडेतीननंतर सहा जण उशिरा आले. त्यात ठाण्याचा एक बँकेतला माणूस होता, पन्नाशीचा, बुटात रक्त साचून बूट पचपच वाजत होता. त्याने पाणी मागितले तर साईराज म्हणाला, "आधी नाचायचं, मग पाणी." हा साईराज तुला माहीत आहे, मुकादमांचा पुतण्या, डबा त्याच्याकडेच असतो. तो माणूस खरोखरच नाचला. दोन पावले टाकली आणि खाली बसून रडायला लागला. आम्ही सगळे हसत होतो. मी सगळ्यांचे नंबर आणि वेळा लिहीत होतो. रजिस्टरात त्याची वेळ आहे, ३ वाजून ४३ मिनिटे.

त्यानंतर मला हाक ऐकू आली. खालून, झऱ्याच्या बाजूने नाही, घळीच्या बाजूने. तिथून गुरांची एक वाट चौकीच्या खालून रस्त्याला जाते. तेव्हाच माझ्या लक्षात आले की भावोजी चौकी टाळून खालून निघाले आहेत. बिल्ला तर पोचला होता, आता कोणाला न दिसता रस्ता गाठला की डबा चुकला. त्या वाटेवर सुटा मुरूम आहे, गुरेही जपून जातात.

"ओ दिना." दोनदा आली. दुसऱ्या वेळी "दिना रे" अशी.

साईराजचा डबा थांबला होता. तो म्हणाला, "कोण बोंबललं काय?"

मी उठून बघायला गेलो असतो तर भावोजी वर आले असते, सगळ्यांच्या देखत, पावणेचारनंतर. आणि रजिस्टरात ३ वाजून २४ लिहिलेले होते. खोडावे लागले असते. पोरांनी विचारले असते, हा तर आत्ता येतोय, मग आधी कोणाचे लिहिलेस? माझ्या रजिस्टरात आजवर एक खाडाखोड नाही.

मी साईराजला म्हटले, "गुराखी असंल. वाजव तू, थांबलास कशाला?"

तो वाजवू लागला. मी पुन्हा काही ऐकले नाही. ऐकायचा प्रयत्न केला नाही, हे खरे.

सव्वाचारला मालूदादा आला. तो सगळ्यांच्या मागून शेवटच्या माणसाबरोबर चालत येतो, वाटेत कोणी राहिला का बघत. त्याने विचारले, "पुरे झाले?" मी म्हटले, "त्रेपन्न." तो म्हणाला, "तुझा भावोजी नाय दिसला मला." मी म्हटले, "पुढं गेला." तो म्हणाला, "मग आवरा." भांडी बांधली, केळ्यांच्या साली गोळा करून पुरल्या, शेणाने जागा सारवल्यासारखी स्वच्छ करून आम्ही उतरलो.

सोमवारी तू धक्क्यावर आलीस तेव्हा मी म्हणू शकलो असतो. त्या वेळी साडेदहा वाजले होते. बुधवारी लाकूडवाल्या बायकांना ते सापडले, आणि डॉक्टर पंचांना म्हणाले की मांडीचे हाड मोडले होते, पण माणूस सोमवारची रात्र काढून मंगळवारी गेला असावा. हे तुला कोणी सांगितले नसेल. मी हिशोब केला. तू आलीस त्या वेळी टेम्पो मिळाला असता तर दीडच्या आत आपण घळीत पोचलो असतो.

मी तेव्हा असे समजत होतो की ते रस्त्याला लागून गेले असतील. असे मी स्वतःला सांगत होतो. बोट ठेवून दाखवताना माझे बोट हलले नाही, हे मला आठवते.

३० तारखेला मी येतो आणि गावकीत उभा राहून हे सगळे बोलतो. मी ठरवले आहे. आईची शपथ घेऊन लिहितो. मला फक्त पत्र नको आहे, तोंडाने सांगतो. म्हणून हे जाळ.

तुझा,
दिनानाथ


पेण
दि. २७ एप्रिल १९९७, रविवार, सायंकाळी ५ वाजून ३० मिनिटे

ताई,

आत्ता पोस्टातून आणलेल्या परत पावत्या तारखेप्रमाणे लावत होतो. हे पत्रही परत येईल, पण आले तर तसे टिपून ठेवीन.

त्या दिवशी तू लवकर निघून गेलीस आणि लोक आता वेगवेगळे सांगतात. म्हणून झाले ते क्रमाने लिहितो.

तू आणि मृणाली साडेदहाच्या एस.टी.ने आलात. मी मुकादमांबरोबर टेम्पोतून आलो. सभामंडपात उजव्या बाजूला हौसाबाई बसल्या होत्या, प्रतिक्षा त्यांच्या मांडीवर होती. तिने तुला बघून हात केला, तेव्हा हौसाबाईंनी तिचे तोंड पदरात घेतले.

हौसाबाईंनी सुरुवात केली. "माझ्या पोरानं चौकी गाठली, हे मी नाय, मंडळाचं बुक सांगतंय. मग फिरला का? हिनं सांगितलेलं, घरी येऊ नका. अख्ख्या वाडीनं ऐकलंय."

तू म्हणालीस, "व्हय, बोलले मी. नवऱ्याला कोण बोलत नाय? तुम्ही मामंजींना रोज ओवाळत होता काय, आत्याबाई?"

बायका हसल्या. तेव्हा मला वाटले होते की तू जिंकशील.

मुकादमांनी माझ्याकडे रजिस्टर दिले आणि म्हणाले, "वाच." मी वाचले. ३६, महिपती, ३ वाजून २४. ३७, काळुराम, ३ वाजून २४. पुढे मी बोलणार होतो. खरोखर बोलणार होतो. मी रजिस्टर मिटायला थांबलो आणि तेवढ्यात तू उठलीस.

तू थांबायला हवे होतेस, ताई. मी बोलणार होतो, तर तू पदराची गाठ सोडून माझे पत्र काढलेस. मी जाळ म्हणून लिहिले होते. तू पाकीट तेवढे चुलीत घातलेस आणि आतला कागद ठेवलास.

तू म्हणालीस, "मला वाचता येत नाय. मुकादम, तुमीच वाचा. ह्याचंच अक्षर हाय. ह्यानं हाक ऐकली आणि वर डबा वाजवायला लावला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साईराजही बघत होता. मुकादमांनी चष्मा लावला आणि दोन्ही पाने मनातल्या मनात वाचली. खूप वेळ लागला. मग कागद माझ्यापुढे धरून विचारले, "दिना, हे तुझं अक्षर काय?"

त्या कागदावर मी पहिली ओळ बघितली. 'आंघोळ करून, चूल न पेटवता.' अक्षर चांगले आले होते.

मी म्हटले, "नाय."

"नाय म्हंजे काय? नीट बघ."

"माझं अक्षर नाय."

महिपती लगेच बोलला. "म्हंजे बघा. कोलाडला बसून पोरीकडनं लिवून घेतलं. सातवीतली पोर, सांगाल ते लिवील. आणि भावाच्या नावावर!"

मृणाली रडत ओरडली, "मी नाय लिवलं! पोस्टमननं दिलं मावशीच्या हातात! पेणचा शिक्का होता!"

मुकादम म्हणाले, "मग पाकीट दाखव, बाय."

पाकीट नव्हते.

एक म्हातारा म्हणाला, "सख्ख्या भावावर आळ घेतीया ती नवऱ्याला सोडंल काय?" हे म्हणणारा तुझ्या सासऱ्यांचा चुलता आहे, त्याच्या मुलाच्या लग्नात तू पंगतीला वाढले होतेस. त्यानंतर फार वेळ लागला नाही. पोर बापाच्या घरी राहील, बाई माहेरी. मंडळाने मदत म्हणून एक हजार एक रुपये मंजूर केले, ते घरचा कर्ता म्हणून महिपतीने सही करून घेतले.

 तू फक्त मृणालीला विचारलेस, "तू वाचलंस तसंच होतं ना गो? डब्याचं पण?"

ती म्हणाली, "व्हय ताई."

"मग बास. चल, एस.टी. जाईल."

जाताना तू माझ्याकडे बघितले नाहीस. माझ्या चपला वाटेत होत्या, त्या तू पायाने बाजूला सारल्यास. प्रतिक्षा पदरातून तोंड काढून बघत होती. ती रडली नाही, तुला ती रडली असे कोणी सांगितले असेल तर ते खोटे आहे.

परतताना मुकादम टेम्पोत माझ्या शेजारी बसले. वडखळला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. कागद तिथेच होता. म्हणाले, "अक्षर बरं हाय तुझं. सहा वरसं बघतोय मी." मग म्हणाले, "एक तारखेपास्नं पाऊणशे वाढवतो. आणि आता कागदावर काय लिवायचं नाय." मी मान हलवली. चहा संपल्यावर ते पुन्हा म्हणाले, "पुढल्या साली पण चौथी चौकी तुझीच. तुझ्यासारखा मानूस मिळत नाय."

म्हणून खाली सही करत नाही. कोणाचे पत्र आहे ते तुला कळेल.

तू कोलाडला खानावळीत भाकऱ्या थापतेस हे मी एस.टी.च्या खिडकीतून पाहिले आहे. मी तीनदा येऊन गेलो. पहिल्या वेळी तुझी पाठ होती. दुसऱ्या वेळी तू गिऱ्हाइकाशी हसून काहीतरी बोलत होतीस. तिसऱ्या वेळी तू वर बघितलेस, पण गाडी सुटली होती.

तुझ्या नावाने झालेला खर्च आणि बाकी खाली लिहितो, म्हणजे आपल्यात घोळ राहणार नाही.

खर्च
टपाल, कागद : रु. ५
पेण ते कोलाड एस.टी., जाऊन येऊन, तीन वेळा : रु. ७२
प्रतिक्षाला झबले, महिपतीच्या हाती दिले, पोचल्याचे कळले नाही : रु. ८५
मनीऑर्डरचे कमिशन, तीन वेळा (४ + ८ + १५), पोस्ट परत देत नाही : रु. २७
एकूण : रु. १८९. हे मी तुझ्याकडे मागत नाही.

देणे
मनीऑर्डर दि. ५ एप्रिल, रु. ७५, 'घेण्यास नकार', परत
मनीऑर्डर दि. १२ एप्रिल, रु. १५०, 'घेण्यास नकार', परत
मनीऑर्डर दि. १९ एप्रिल, रु. ३००, 'घेण्यास नकार', परत
एकूण : रु. ५२५, माझ्याकडे जमा.

बेरीज दोनदा तपासली आहे.